शंभर किलो पुस्तकं, उतारा किती?

धानाच्या हंगामात गोंदियात ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न भावाचा. 2025 च्या पावसाळ्यापासून त्यात दुसऱ्याची भर पडली आहे. ‘‘गुरुजी, पोट्ट्यासाठी बुद्धिबळाचं कोनतं पुस्तक घेऊ जी?’’

कारण उघड आहे. त्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच झटक्यात ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. वय वर्षं 19. त्याआधी नागपूरचाच रौनक साधवानी 2019 मध्ये, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता. 2021 मध्ये संकल्प गुप्ता झाला. म्हणजे एका नागपुरात तीन. नागपूर ते गोंदिया रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. पालकांचा हिशेब सरळ आहे : ग्रँडमास्टरकी नागपूरपर्यंत आलीच आहे, सिग्नल मिळाला की पोचेल.

तसं पाहिलं तर सिग्नल कधीचाच हिरवा आहे. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीवरून येते. सांगली म्हणजे महाराष्ट्राच्या बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथे 1941 पासून आहे. ही गाडी सगळा महाराष्ट्र पालथा घालून दुसऱ्या दिवशी आमच्या फलाटावर रिकामी होते. माणसं उतरतात, पोती उतरतात, लग्नाची वऱ्हाडं उतरतात. बुद्धिबळ तेवढं नागपूरलाच उतरून जातं.

पण मुद्दा पुस्तकाचा. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकानेही आजवर मला ‘पोट्ट्याने कोणाशी खेळावं?’ असं विचारलेलं नाही. त्याचं उत्तर देणं सोपं आहे, पण त्यात खरेदी नाही. पुस्तक मागवता येतं. खोक्यातून येतं, शेजाऱ्यांना दिसतं, आणि ते कपाटात गेलं की आपण बापाचं कर्तव्य केलं, असं अंग हलकं होतं. आमच्या बाजारात तलाठी भरती आणि पोलीस भरती यांच्या पलीकडचं पुस्तक मिळणं मुश्कील. बुद्धिबळाचं पुस्तक ऑनलाइनच मागवावं लागतं आणि परदेशी असलं तर हजार-दोन हजारांना पडतं. तेवढे पैसे मोजल्यावर मुलाला खेळ आलाच पाहिजे, असा एक करार पालक मनातल्या मनात पुस्तकाशी करून टाकतात. पुस्तकाला तो ठाऊक नसतो.

हा करार उघडपणे बोलून दाखवणारा माणूस मला एकच भेटला. राइस मिलवाले आहेत. मिलच्या ऑफिसात बसलो होतो. बाहेर काट्यावर ट्रक चढत होता, हवेत कोंड्याची धूळ, समोर तांदळाच्या नमुन्यांच्या वाट्या. त्यांनी एका वाटीतली चिमूट तळहातावर घेतली, बोटाने कणी बाजूला सारली आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, सरकार आमच्याकडून शंभर किलो धानामागं 67 किलो तांदूळ मागते. तुमच्या पुस्तकाचा उतारा सांगा. शंभर पानांमागं रेटिंग किती?’’

मी हसलो. ते हसले नाहीत. आणि घरी येताना मला पटत गेलं की बुद्धिबळाच्या पुस्तकांबद्दल इतका मुद्देसूद प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही.

कारण उताऱ्याचा हिशेब न करता पुस्तकं जमवणाऱ्यांचं एक घर मला चांगलं माहीत आहे. मालक बँकेतून निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. साहेबांचं कपाट पाहून बाहेरगावच्या माणसाला वाटावं, की इथे निदान आंतरराष्ट्रीय मास्टर तरी राहत असावा. निम्झोविचचं ‘माय सिस्टिम’, 1925 चं, निम्म्या जगाचा धर्मग्रंथ. साहेबांच्या प्रतीत खूण म्हणून रेल्वेचं तिकीट आहे, डोंगरगड ते गोंदिया, आणि ते अजून पहिल्याच प्रकरणात आहे. साहेबांना निम्झोविच स्पर्धेच्या दालनात शीर्षासन करायचा ही गोष्ट नीट माहीत आहे. त्याने प्यादी कशी अडवायला सांगितली आहेत, ती नाही. शेजारी कोटॉव्हचं ‘थिंक लाइक अ ग्रँडमास्टर’. यात चालींच्या शक्यतांचं झाड कल्पायचं, प्रत्येक फांदीवर एकदाच जायचं आणि फिरून मागे यायचं नाही. साहेबांनी या पद्धतीने एक डाव खेळून पाहिला. तिसऱ्या फांदीवर असताना घड्याळ पडलं. त्याखाली ड्वोरेत्स्कीचा अंतिम टप्प्यावरचा जाडजूड ग्रंथ. हा ग्रंथ ग्रँडमास्टरांनाही घाम फोडतो. साहेबांना फोडत नाही, कारण त्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

साहेब हरतात ते सुरुवातीच्या पंधरा चालींत. अंतिम टप्पा त्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलेला नाही. पण परवाच त्यांनी अंतिम टप्प्यावरचं आणखी एक पुस्तक मागवलं. ‘‘पाया पक्का पाहिजे,’’ म्हणाले.

पालकांची चाल वेगळी. त्यांना पाया नको, ‘21 अपेक्षित’ हवं. दहावीला जसा तो प्रश्नसंच असतो तसा बुद्धिबळाचाही कुठेतरी छापलेला असणार आणि तो नागपूरवाले आपल्यापासून लपवून ठेवतात, असा त्यांचा पक्का संशय आहे. म्हणून ओपनिंगच्या पुस्तकांना सर्वांत जास्त मागणी. एका वडिलांनी मुलाकडून सिसिलियनमधल्या नायडॉर्फच्या अठरा चाली घोकून घेतल्या. संध्याकाळी दिव्याजवळ परवचा म्हणावी तशा तो पोरगा चाली म्हणायचा. तालुक्याच्या स्पर्धेत त्याच्यासमोर सालेकशाकडचा एक मुलगा बसला. त्या मुलाने पहिल्याच चालीला हत्तीसमोरचं प्यादं दोन घरं ढकललं आणि खिडकीबाहेर बघत बसला. आमच्या विद्वानाने पाच मिनिटं विचार केला, दहा केला, आणि शेवटी रडवेल्या आवाजात पंचांना विचारलं, ‘‘सर, असं चालते का?’’ चालतं. हरल्यावर वडिलांचं म्हणणं असं की समोरचा चुकीचं खेळला म्हणून आमचा हरला.

मग कोणीतरी पोल्गारचं नाव घेतं. हंगेरीच्या लास्लो पोल्गारने तीन मुलींना घरीच शिकवून जगज्जेतेपदाच्या वर्तुळात नेलं, ही गोष्ट पालकांच्या सभेत भागवतासारखी सांगितली जाते. त्याचा तो प्रसिद्ध ग्रंथ 1994 चा. त्यात 5334 कोडी आणि डाव आहेत. वजन इतकं की मिलवाल्यांनी तो हातात घेऊन सवयीने अंदाज केला आणि खाली ठेवला. आतला हिशेब बघण्यासारखा आहे. एका चालीत मात : 306. दोन चालींत मात : 3412. तीन चालींत : 744. शिवाय 600 छोटे डाव, 144 सोपे अंतिम टप्पे आणि 128 स्पर्धेतल्या खेळी. पहिली 306 आमच्याकडची मुलं आठवडाभरात उडवतात. घरात पेढे वाटले जातात, आजी दृष्ट काढते. मग दोन चालींचं राज्य सुरू होतं. 3412! पोरगा चारशेच्या आसपास कुठेतरी क्रिकेटची बॅट शोधू लागतो आणि ग्रंथ खुर्चीवर उंची वाढवण्याच्या कामी लागतो. पटापर्यंत हात नीट पोचतो, हाही फायदाच.

पोल्गार बहिणींचं कौतुक करताना आपल्या बहिणी मात्र कोणाला आठवत नाहीत, याचा मला राग येतो. पोल्गारच्या मुली जगाला माहीत होण्याच्या आधीच मुंबईत खाडिलकरांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी पट मांडून बसल्या होत्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि 1981 मध्ये आशियाई विजेती. यांच्या घरात तेव्हा किती पुस्तकं होती ते सोडा. तीन बहिणी म्हणजे घरात कायम एक प्रतिस्पर्धी हजर आणि दुसरी चुका दाखवायला मागे उभी. हे विकत मिळत नाही.

पद्धतींचा बाजार तर पुस्तकांहून मोठा. स्वीडनच्या दोघांची ‘सुतारपक्षी पद्धत’ निघाली, 2018 मध्ये तिचं पुस्तक आलं : 1128 कोडी सोडवायची, मग तीच पुन्हा निम्म्या वेळात, मग त्याच्याही निम्म्यात, शेवटी सगळी एका दिवसात. सुतारपक्षी जसा एकाच जागी टकटक करतो तसं. त्याआधी अमेरिकेत मायकेल डी ला माझा नावाच्या गृहस्थाने हजार कोडी सात वेळा सोडवायचा नेम सांगितला होता. त्याची कथा मला फार आवडते. त्याने खरोखर तसं केलं, दोनेक वर्षांत रेटिंग शेकड्यांनी वाढवलं, 2001 मध्ये एका मोठ्या खुल्या स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि बुद्धिबळ सोडून दिलं. आमच्या गावात पद्धत याच्या उलट चालते : आधी बुद्धिबळ सुटतं, मग सल्ले सुरू होतात.

या सगळ्या गलबल्यात एक जुनं वेळापत्रक आहे, ते मी विचारणाऱ्याच्या हातात कागदावर लिहून देतो. एमान्युएल लास्कर 1894 ते 1921, सत्तावीस वर्षं, जगज्जेता होता. इतकी वर्षं त्या गादीवर दुसरा कोणी बसलेला नाही. गणिताचा माणूस. त्याने आपल्या पुस्तकात साधारण बुद्धीच्या नवशिक्याला चांगला खेळाडू करायला दोनशे तास पुरतात असा हिशेब मांडला. नियम आणि सराव 5 तास, साधे अंतिम टप्पे 5, काही ओपनिंग 10, डावपेच 20, स्थितीचा खेळ 40. झाले ऐंशी. उरलेले 120 तास? प्रत्यक्ष खेळणं आणि खेळलेल्या डावाची चिरफाड करणं.

हा कागद वाचताना सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी थांबतात : ‘ओपनिंग 10’. ‘‘एवढंच?’’ खालच्या 120 वर कोणाची नजर थांबलेली मी पाहिली नाही. साहेबांनी तर पुस्तक निवडण्यातच दोनशे तास कधीच ओलांडले असतील. परीक्षणं वाचणं, दोन आवृत्त्यांची तुलना, कोणतं आधी, कोणतं नंतर. एवढे तास जर ते कोणाशी खेळले असते तर... पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्याकडे चहा फार चांगला असतो.

ज्यांनी 120 तासांऐवजी 120 महिने त्या शेवटच्या रकान्यात घातले आहेत अशी माणसं गोंदियात आहेत. बाजारातल्या एका अडत दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी सहानंतर त्यांचा डाव बसतो. पट म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं रेक्झिन, एका उंटाच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डबाबा आणि दुकानाचे मुनीमजी हे तिथले दोन खांब. मुनीमजींनी उभ्या आयुष्यात बुद्धिबळाचं पुस्तक पाहिलेलं नाही. ते हिशेब हिंदीत करतात, शिव्या मराठीत देतात आणि हरायला लागले की पोवारीत पुटपुटतात. गार्डबाबा कधी लहरीत आले तर देशी नियमांनी खेळू म्हणतात : प्यादं एकच घर सरकणार, शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचं मोहरं होणार. प्याद्याने मात केली तर मान मोठा; त्या दिवशी चहाचे पैसे हरणाऱ्याकडे आणि समोसाही त्याच्याकडे.

तिथला अभ्यासक्रम एका ओळीचा आहे : हरला तो उठला. जिंकलेला बसून राहतो, पुढचा येतो. पण उठलेला घरी जात नाही, हे महत्त्वाचं. तो मागे उभा राहतो आणि पुढच्या माणसाला बडबडत सांगतो की आपण कुठे गेलो. ‘‘अबे, तो घोडा कायले नेला तिकडं? मी पन तेच केलो होतो ना बाप्पा!’’ चिरफाड म्हणतात ती हीच. यावर नाक मुरडणाऱ्या साहेबांना मी सांगतो, की मद्रासच्या ताल चेस क्लबमध्येही हीच रीत होती, जिंकेल तो बसून राहणार. आणि तिथे उठायचा कंटाळा असलेला एक मुलगा पुढे पाच वेळा जगज्जेता झाला. त्याचं नाव आनंद.

आनंदची पुस्तकांची गोष्टही सांगतो, म्हणजे मी पुस्तकांचा वैरी आहे असा गैरसमज नको. वडिलांच्या नोकरीमुळे तो लहानपणी मनिलाला होता. तिथे दुपारी टीव्हीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, शेवटी एक कोडं, आणि बरोबर उत्तराला बक्षीस पुस्तक. आनंद शाळेत, आई कोडं उतरवून ठेवायची, तो आल्यावर दोघं मिळून सोडवायची. इतक्या वेळा जिंकले की कार्यक्रमवाल्यांनी अखेर सांगितलं, हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नका. आमच्या पालकांनी यातला क्रम लक्षात घ्यावा. तिथे आधी कोडं सुटलं, मग पुस्तक घरात आलं.

आता मोबाइलचं. मोबाइलवर स्टॉकफिश नावाचं यंत्र फुकट आहे आणि ते जगज्जेत्यालाही हरवतं. त्यामुळे नव्या पिढीचा हरण्याचा प्रकारच बदलला. पूर्वी मुलगा हरला की मान खाली घालून यायचा. आता म्हणतो, ‘‘बाबा, सतराव्या चालीला मी प्लस दोन होतो.’’ का होतास? ते त्याला माहीत नाही, यंत्राला माहीत आहे. यंत्र चूक लाल रंगात दाखवतं, मुलगा ‘हो, बरोबर आहे’ म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. ही चिरफाड नव्हे, शवविच्छेदनाच्या अहवालावर न वाचता केलेली सही आहे. 2024 च्या डिसेंबरात सिंगापूरला अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी ग्रँडमास्टर होईपर्यंत यंत्रापासून लांब ठेवलं होतं. ही गोष्ट सांगितली की पालक मान डोलावतात आणि विचारतात, ‘‘मग त्या सरांचं पुस्तक कोनतं?’’

मिलवाल्यांना मी अखेर उत्तर दिलं. म्हटलं, उतारा पुस्तकाचा नसतो. चेर्नेव्हचं ‘लॉजिकल चेस’ घ्या. 1957 चं आहे, तेहेतीस डाव आहेत आणि प्रत्येक चालीचं कारण दिलं आहे, अगदी पहिल्या चालीचंसुद्धा. पट मांडून, उत्तर झाकून, पुढची चाल आधी स्वतः ठरवायची आणि मग झाकलेलं उघडायचं. डावपेचांसाठी पोल्गारच्या त्या 306 आणि पुढची जमतील तेवढी. अंतिम टप्प्यात राजा-प्याद्यांचे दोन-चार प्रकार आणि हत्तीने मात करणं. एवढं एका वर्षाला उरून पुरतं. दुसरं पुस्तक पहिलं संपल्याशिवाय घरात येऊ द्यायचं नाही. साहेबांनी भेट दिलं तरी.

त्यांनी ते पाकिटाच्या मागे लिहून घेतलं आणि विचारलं, ‘‘अन् वो 120 घंटे का?’’

म्हणजे कागद त्यांनी खालपर्यंत वाचला होता! मला इतका आनंद झाला की मी त्यांना ओट्याचा पत्ता दिला. त्यांचा मुलगा आता आठवड्यातून दोनदा जातो. मुनीमजी त्याला सपाटून हरवतात आणि मागे उभं करतात. परवा त्याने मुनीमजींचा घोडा खाल्ला, तर मुनीमजी पोवारीत पुटपुटले म्हणे.

शेवटी एक काम सांगतो, अगदी छोटं. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते. त्या कागदाची बहुधा दुसरी प्रत असते. पहिली पंचांकडे जाते, दुसरी खेळाडूची. स्पर्धा संपल्यावर दालनात फिरून बघा. खुर्च्यांखाली, चहाच्या कपांशेजारी या प्रती पडलेल्या असतात; झाडूवाल्या बाई त्या गोळा करून नेतात, आणि पालक त्याच वेळी बाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करून असतात. मुलगा जिथे हरला ती नेमकी चाल त्या कागदावर आहे, त्याच्याच अक्षरात. पुढच्या स्पर्धेला याल तेव्हा तो कागद त्याच्या खिशात आहे ना, तेवढं बघून घ्या. पुस्तकाचं त्यानंतर बोलू.